समुपदेशक निवडताना: पदवी, नोंदणी आणि पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

डॉक्टरला दवाखाना उघडायचा तर वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो, वकिलाला सनद लागते. समुपदेशनाची पाटी लावायला मात्र आपल्याकडे असा एकच एक परवाना आजवर लागत आलेला नाही. त्यामुळे ‘काउन्सेलर’ या पाटीमागे सहा-सात वर्षं शिकून रुग्णालयात उमेदवारी केलेली व्यक्ती असू शकते, तशीच दोन शनिवार-रविवारचं शिबिर करून आलेलीही असू शकते. दोघांची खोली सारखीच नीटनेटकी असते, बोलणंही मृदू असतं. फरक कळायचा तर तीन गोष्टी विचाराव्या लागतात: पदवी कुठली, नाव कुठल्या नोंदवहीत आहे, आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम किती केलंय. पहिली गोष्ट भिंतीवर टांगलेली असते, दुसरी थोडी शोधावी लागते. तिसरी फारसं कुणी विचारत नाही, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

चार वेगळी माणसं, चार वेगळी कामं

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस डॉक्टर असतात. त्यावर तीन वर्षांची एम.डी. किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डी.पी.एम. केलेला असतो. या चौघांत गोळ्या लिहून देऊ शकतात ते हेच. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., असा त्यांचा रूढ मार्ग. ते एम.फिल. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्यता दिलेल्या संस्थेतलंच हवं. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी ही अशी ठिकाणं. या दोन वर्षांत विद्यार्थी वॉर्डात आणि ओपीडीत रुग्ण पाहतो, चाचण्या घेतो आणि प्रत्येक केस वरिष्ठांसमोर मांडतो. निदान, बुद्ध्यांकाच्या व इतर मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार हे त्यांचं काम. एम.फिल. ही पदवीच देशभर बंद करण्यात आली असून क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदत देण्यात आली. त्यामुळे यापुढे सायडीसारख्या (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) वेगळ्या पदव्याही दिसतील. आधी मिळवलेलं एम.फिल. वैधच आहे, त्यावरून कुणाला नाकारू नका.

सायकियाट्रिक सोशल वर्कर हे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून पुढे याच विषयात एम.फिल. झालेले असतात. घरच्यांना आजार समजावणं, नोकरी टिकवायला मदत, पुनर्वसन, सरकारी योजना ही त्यांची बाजू. दीर्घ आजार असलेल्या घराला खरा आधार अनेकदा यांचाच होतो, तरी लोकांना त्यांची माहिती सगळ्यांत कमी असते.

आणि चौथे समुपदेशक. एम.ए. समुपदेशन मानसशास्त्र, एम.ए. मानसशास्त्र, एम.एस.डब्ल्यू., किंवा एम.ए.वर एक वर्षाची समुपदेशनाची पदव्युत्तर पदविका, यांपैकी काहीतरी त्यांच्याकडे असतं. जवळच्या माणसाचा मृत्यू, लग्नातले ताण, परीक्षेची धास्ती, नोकरीतली घुसमट, सौम्य ते मध्यम स्वरूपाची चिंता किंवा उदासी ही त्यांची क्षेत्रं. चांगला समुपदेशक सल्ले देत सुटत नाही. गुंता कुठे आहे ते तुमच्याकडूनच वदवून घेतो, त्यावर काम करायची पद्धत शिकवतो आणि ती जमते का हे पुढच्या आठवड्यात तपासतो.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण हे लिहून ठेवलंय. त्यात मनोविकारतज्ज्ञ येतात, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर येतात, आणि आयुष शाखांतले त्या विषयाचे पदव्युत्तर वैद्यही येतात. नुसता समुपदेशक त्या व्याख्येत नाही. २०२१मध्ये सहबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय समाजकार्यकर्ते आणि आरोग्य समुपदेशक यांचा गट घेतला आहे, आणि नोंदणी राज्य परिषदांमार्फत व्हायची आहे. ही घडी नीट बसेपर्यंत चौकशीचं ओझं तुमच्या-आमच्यावरच आहे.

नोंदणी क्रमांक तपासताना

‘आरसीआय रजिस्टर्ड’ एवढं वाचून थांबू नका. आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसतात. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे, व्यवसाय समुपदेशक अशा अनेक व्यवसायांची नोंद तिथेच होते. म्हणजे क्रमांक अस्सल असूनही तो विशेष शिक्षकाचा असू शकतो. विशेष शिक्षक आपल्या कामात वाकबगार असतीलही, पण नैराश्यावर उपचार करायचं शिक्षण ते नव्हे.

म्हणून पद्धत अशी. पाटीवर, लेटरहेडवर किंवा रिपोर्टवर सीआरआर क्रमांक शोधा. नसेल तर फोनवर सरळ मागा. मग आरसीआयच्या संकेतस्थळावर तो क्रमांक किंवा नाव टाका आणि तीन ओळी वाचा: नाव जुळतं का, प्रवर्गात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं आहे का, आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना. नोंदणी ठरावीक काळाने नूतनीकरण करावी लागते. प्रवर्गापुढे ‘असोसिएट’ दिसलं तर ती व्यक्ती एक वर्षाचा व्यावसायिक डिप्लोमा केलेली आहे आणि तिने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करणं अपेक्षित आहे. मग ती देखरेख कोण करतं, हे विचारा.

स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायचं पण नोंदणी नाही, हे नुसतं अनुचित नाही. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याच्या कलम १३नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फसगत बहुतेक वेळा इथेच होते: एम.ए.ला ‘क्लिनिकल’ हे स्पेशलायझेशन घेतलेलं असतं, कधी दूरशिक्षणातून, आणि पाटीवर थेट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिलं जातं. एम.ए. खरी असते, विद्यापीठही खरं असतं, फक्त रुग्णालयातली ती दोन वर्षं मधल्या मध्ये गळालेली असतात.

नावामागचं ‘डॉ.’सुद्धा विचारून घ्यावं. ते एमबीबीएसचं असेल, होमिओपॅथीचं असेल, मानसशास्त्रातल्या पीएच.डी.चं असेल किंवा भलत्याच विषयातल्या पीएच.डी.चंही असेल. पीएच.डी. म्हणजे संशोधन, त्यात एकही रुग्ण पाहिलेला नसू शकतो. संमोहन, एनएलपी, हीलिंग, लाइफ कोचिंग यांची प्रमाणपत्रं कितीही असली तरी ती पदवीच्या जागी धरू नका. सीबीटी किंवा आरईबीटी या विचार आणि वर्तन बदलायच्या उपचारपद्धतींचं प्रशिक्षण ही चांगली भर आहे, मात्र ते एम.ए.वर चढवलेलं असावं.

क्रमांक नसेल तर?

बहुतेक समुपदेशकांकडे सीआरआर क्रमांक नसतोच, आणि त्यांनी तो मिळवावा अशी त्यांच्या कामाची अटही नाही. म्हणून त्यांना बाद करू नका. उत्तम, कळकळीने काम करणारे कितीतरी समुपदेशक याच वर्गातले आहेत. त्यांच्या बाबतीत फोनवरची पाच मिनिटं कामी येतात. संकोच न करता असं विचारा:

“तुमचं एम.ए. कुठल्या विषयात आणि कुठल्या विद्यापीठातून?” उत्तर एका वाक्यात यायला हवं.

“शिकताना इंटर्नशिप कुठे केलीत? तिथे केस स्वतः घेत होता की नुसतं बघत होता?” रुग्णालय, शाळा, संस्था, हेल्पलाइन यांतलं काहीतरी ठोस नाव यावं.

“आता तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?” हा सगळ्यांत उपयोगी प्रश्न. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या केसेस, नाव-गाव न सांगता, वरिष्ठांपुढे ठरावीक काळाने मांडणं. यातून दोन गोष्टी साधतात. नजरेतून सुटलेला धोका दुसऱ्याला दिसतो, आणि समुपदेशकाची स्वतःची मतं तुमच्या प्रश्नात मिसळत असतील तर कुणीतरी त्याला थांबवतं. “मला आता गरज नाही, वीस वर्षांचा अनुभव आहे” हे उत्तर आलं तर दुसरं नाव शोधा.

“आमची अडचण अशी अशी आहे. असं काम केलंय का, आणि साधारण कसं करता?” दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्या मुलासाठी फोन केलात आणि समोरून “आपण त्याच्याशी बोलू, समजावू” एवढंच आलं, तर ती जागा त्याच्यासाठी नाही. ओसीडीवर, म्हणजे अशा मंत्रचळावर, भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि धुणं रोखून धरायचं अशी ठरलेली पद्धत आहे. ती येणाऱ्याला तिचं नाव माहीत असतं.

“किती सेशन लागतील, आणि फी किती?” नेमका आकडा कुणी देऊ शकत नाही. पण “आठवड्याला एक, पाच-सहा सेशननंतर आढावा घेऊ” असं काही ऐकू यायला हवं. पुण्या-मुंबईत एका सेशनला हजारापासून तीन हजारांपर्यंत फी सर्रास दिसते. पंचवीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला लावणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आयत्या वेळी सेशन रद्द केलं तर पैसे जातात का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

पहिल्या सेशनमध्ये काय व्हायला हवं

सेशन ४५ ते ६० मिनिटांचं असतं. पहिल्याच भेटीत, तुम्ही मन मोकळं करण्याआधी, समुपदेशकाने गोपनीयतेबद्दल बोलायला हवं, आणि तिच्या मर्यादांबद्दलही. “इथलं काहीच बाहेर जाणार नाही” हे अर्धं सत्य आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर संबंधितांना सांगावं लागतं. न्यायालयाने आदेश दिला तर माहिती द्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ज्याने हे आधी सांगितलं नाही, तो वेळ आल्यावर एकतर तुम्हाला धक्का देईल किंवा कायदा मोडेल.

नवरा-बायको एकत्र जाणार असाल तर एक गोष्ट तिघांनी मिळून ठरवा: एकाने एकट्यात सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवायचं की नाही. हे न ठरवता वेगवेगळी सेशन सुरू झाली की समुपदेशक दोघांच्या गुपितांमध्ये अडकतो आणि जोडप्याचं काम तिथेच फसतं. मुलांच्या बाबतीतही तसंच. आईवडिलांना काय सांगितलं जाईल आणि काय मुलाकडेच राहील, हे मुलाच्या समोर ठरलं तर ते बोलतं.

समुपदेशक तुमच्या सोसायटीतला, नात्यातला किंवा ऑफिसातल्या साहेबांच्या ओळखीतला नसावा. तालुक्याच्या गावी हे अवघड जातं, म्हणून तिथे ऑनलाइन सेशनचा मार्ग चांगला. घरी एकांत नसेल तर इअरफोन लावा. सेशन रेकॉर्ड होतंय का, नोंदी कुठे ठेवल्या जातात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रगती नुसत्या “बरं वाटतंय” वर सोडू नका. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, त्याला प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण आणि एकूण २७. दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, वीसपासून तीव्र असं ढोबळ वाचन असतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, समुपदेशकाने थांबून त्यावर बोललंच पाहिजे. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ आहे. दर तीन-चार आठवड्यांनी ही भरून घेतली की आकडा खाली येतोय का ते दोघांनाही दिसतं. सहा-आठ सेशननंतरही तो जागचा हलत नसेल तर पद्धत बदलायची, की डॉक्टरकडे पाठवायचं, हा विषय समुपदेशकाने स्वतःहून काढायला हवा.

समुपदेशकाने कुठे थांबायचं

समुपदेशकाची खरी लायकी तो कुणाला पुढे पाठवतो यावरून कळते. कानात आवाज येणं, कुणीतरी पाळतीवर आहे अशी पक्की समजूत, चार-पाच रात्री जेमतेम झोपूनही अंगात भलताच उत्साह आणि बेसुमार खर्च, खाणंपिणं सुटणं, आत्महत्येचा ठरलेला बेत: यातलं काहीही दिसलं तर मनोविकारतज्ज्ञ लागतोच, आणि पुढच्या आठवड्यात नाही, लगेच. नुसता थकवा, वजन वाढणं आणि मरगळ असेल तर थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या असं सुचवणारा समुपदेशक आपलं काम जाणतो. यातली काही ‘उदासी’ रक्ताच्या रिपोर्टात सापडते.

दारूचं प्रकरण वेगळं काढून सांगावं लागतं, कारण तिथली चूक जिवावर बेतते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने “उद्यापासून एक थेंब नाही” असं ठरवलं तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस बरळू लागतो. म्हणून शपथ घ्यायला लावणाऱ्या, “मनाचा निश्चय करा आणि आजच सोडा” म्हणणाऱ्या समुपदेशकापासून अशा रुग्णाला दूर ठेवा. आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू सोडवायची, नंतर समुपदेशन, हा क्रम उलटा करता येत नाही.

तसंच गोळ्यांचं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होतो. “माझ्याकडे आलात ना, आता गोळ्या बंद करा” असं म्हणणाऱ्याने आपली हद्द ओलांडलेली आहे. डोस कमी करायचा, वाढवायचा की थांबवायचा हे लिहून देणारा डॉक्टरच ठरवेल.

प्रमाणपत्रांचंही सांगून ठेवतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीसाठी लागणारं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र किंवा अपंगत्वाचा दाखला खासगी समुपदेशक देऊ शकत नाही. ते प्राधिकृत सरकारी रुग्णालयांतून, ठरलेल्या तपासण्यांनंतरच मिळतं. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणारा तुमचं वर्ष वाया घालवेल.

फी परवडत नसेल तेव्हा

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. ऑक्टोबर २०२२मध्ये तो सुरू झाला. पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतो आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. जीव द्यायचे विचार जोर धरत असतील तर कुठल्याही समुपदेशकाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. हा नंबर लावा, किंवा ११२ लावा, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि त्या माणसाला तोवर एकटं सोडू नका.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर एकाच ठिकाणी मिळावेत अशी तिची रचना आहे, पण पदं रिकामी असू शकतात. म्हणून कोण कुठल्या वारी असतं ते फोन करून किंवा केसपेपर काढतानाच विचारा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे गेलं म्हणजे दाखलच करून घेतात हा गैरसमज आहे, बहुतेकजण तपासून घरी परततात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था हेच काम करते. फोन किंवा ईमेलवर बोलायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा आहे.

परदेशात असाल तर

अमेरिकेत समुपदेशकाला खरोखर परवाना लागतो, आणि तो राज्य देतं. न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडात त्याला एलएमएचसी म्हणतात, टेक्ससमध्ये एलपीसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी. मास्टर्स पदवी, एक राष्ट्रीय परीक्षा आणि देखरेखीखाली काही हजार तासांचं काम अशी साधारण अट असते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात हे तास ३,००० आहेत. तुम्ही सेशनच्या वेळी ज्या राज्यात बसलेले असता, तिथला परवाना लागतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलीने पुण्याच्या समुपदेशकाशी मराठीत बोलणं मनाला कितीही जवळचं वाटलं, तरी तिथल्या कायद्याने तो परवानाधारक ठरत नाही, आणि विम्याचे पैसे मिळण्याचीही आशा धरू नये. राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे का आणि त्यावर काही कारवाई झाली आहे का, हे कळतं.

ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ हे नाव कायद्याने राखीव नाही. तिथे बीएसीपीसारख्या ऐच्छिक संस्थेचं सभासदत्व बघतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट ही नावं मात्र एचसीपीसी या कायद्याने नेमलेल्या नियामक संस्थेच्या नोंदवहीत असलेल्यांनाच वापरता येतात.

तक्रार करायची वेळ आली तर

आधी सगळं लिहून काढा: तारीख, काय बोललं गेलं, पावत्या, व्हॉट्सॲपचे संदेश. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबद्दल आरसीआयकडे, मनोविकारतज्ज्ञाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेले हक्क, उदाहरणार्थ कलम २३मधली गोपनीयता, पायदळी तुडवले गेले असतील तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. कुठल्याच नोंदवहीत नसलेल्या समुपदेशकाने पैसे घेऊन फसवलं असेल तर ग्राहक आयोग आहे, आणि तो एखाद्या संस्थेत किंवा शाळेत काम करत असेल तर तिथलं व्यवस्थापन. अंगाला हात लावणं, सेशनबाहेर भेटायचा आग्रह, लैंगिक सूचना हा ‘उपचाराचा भाग’ कधीच नसतो. त्यासाठी थेट पोलिसांत जा, आणि पुढच्या सेशनला जाऊ नका.